रक्तदाबाची वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'भूल देणारी डॉक्टर' अशी करून दिली आणि मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "म्हणजे आता आम्हाला झोपवणार!" चाळीस वर्षं झाली, पण मागची रांग काही सुधारलेली नाही. काळजी करू नका, वीस मिनिटांत संपवते. आणि पेपर काढणार नाही.

संयोजकांनी मला विषय दिला होता 'साठीनंतरचं आरोग्य'. हा विषय फार मोठा आहे. आहार, व्यायाम, झोप यावर तुम्हाला रोज सकाळी ग्रुपवर इतके संदेश येतात की त्यात माझी भर नको. मी आज फक्त माझ्या कामातली गोष्ट सांगणार आहे. सकाळी चहाच्या वेळी आमच्या टेबलावर नऊ जण होते. सहज विचारलं, तर त्यांतल्या पाच जणांचं काही ना काही ऑपरेशन झालेलं निघालं. गुडघा, पित्ताशय, बायपास, गर्भाशय, प्रोस्टेट. राहिलेल्या चौघांपैकी दोघांना 'करावं लागेल' असं सांगितलेलं आहे. म्हणजे हा विषय आता आपल्या वर्गाचा झाला आहे.

मोठ्या ऑपरेशननंतर माणूस नीट उठेल का, कधी उठेल, कोणत्या रस्त्यानं उठेल, याचा अंदाज डॉक्टर कशावरून बांधतात? बऱ्याच गोष्टींवरून. पण त्यातली एक अगदी साधी, स्वस्त आणि तुमच्या-आमच्या घरातही मोजता येणारी गोष्ट आहे, ती म्हणजे रक्तदाब. आज त्याच्याबद्दलच बोलते.

विज्ञानाच्या सरांना आवडेल म्हणून आधी थोडा इतिहास. रक्ताला दाब असतो हे मोजून दाखवलं ते स्टीफन हेल्स नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूनं. त्यानं घोडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला काचेची लांब नळी जोडली, आणि रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच चढलं. हे त्यानं १७३३ साली छापलं. पण माणसावर रोज असला प्रयोग करता येत नाही. १८९६ साली इटलीतल्या शिपिओने रिव्हा-रोच्ची या डॉक्टरनं दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याची नळी असं यंत्र बनवलं. पट्ट्यासाठी त्यानं सायकलची ट्यूब वापरली होती. पुढे १९०५ साली निकोलाय कोरोत्कॉफ या रशियन शल्यचिकित्सकानं स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत सांगितली आणि खालचा आकडाही नीट कळू लागला.

रिव्हा-रोच्चीचं यंत्र ऑपरेशन थिएटरात लोकप्रिय करण्यात मोठा वाटा आहे हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यचिकित्सकाचा. कुशिंग विद्यार्थी असताना त्यानं ईथर दिलेला एक रुग्ण दगावला होता. त्यानंतर त्यानं आणि त्याच्या कॉडमन नावाच्या मित्रानं भूल देताना रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर लिहून ठेवायला सुरुवात केली. १९०१ साली कुशिंगनं इटलीत हे रक्तदाबाचं यंत्र पाहिलं, ते तो अमेरिकेला घेऊन गेला आणि त्या कागदावर रक्तदाबाचा रकाना आला. आजही जगातला प्रत्येक भूलतज्ज्ञ तो रकाना भरतो. किमान दर पाच मिनिटांनी एक नोंद. ऑपरेशन मोठं असेल तर मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून दर ठोक्याचा दाब पडद्यावर पाहतो.

आता गणित. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून जपून करते. रक्तदाबाचे दोन आकडे असतात. समजा १२० आणि ८०. आम्ही ऑपरेशनच्या वेळी या दोन्हींपेक्षा तिसऱ्याच आकड्याकडे जास्त पाहतो, तो म्हणजे सरासरी दाब. सरासरी म्हणजे दोन्हींची बेरीज भागिले दोन नव्हे, कारण हृदय आकुंचन पावतं त्यापेक्षा जास्त वेळ ते सैल असतं. म्हणून खालच्या आकड्याला जास्त वजन. दोन आकड्यांतला फरक काढायचा, त्याचा तिसरा हिस्सा खालच्या आकड्यात मिळवायचा. १२० वजा ८० म्हणजे ४०. त्याचा तिसरा हिस्सा साधारण १३. ८० अधिक १३, म्हणजे ९३. हा सरासरी दाब.

हा आकडा का महत्त्वाचा? सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकीतली पातळी खाली गेली की तळमजल्याला फरक कळत नाही, पण वरच्या मजल्यावरचा नळ करंगळीएवढा होतो. शरीरात मूत्रपिंड, हृदयाचा स्नायू आणि मेंदू यांना दाब कमी झालेला सोसत नाही. त्यांच्याकडे स्वतःची सोय असते. दाब थोडा खाली आला तर ते आपल्या रक्तवाहिन्या सैल करून रक्त ओढून घेतात. पण त्यालाही मर्यादा आहे. त्याखाली दाब गेला की पुरवठा घटतो.

भूल दिल्यावर रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे पहिला चीरा पडायच्या आधीच दाब उतरतो. पुढे रक्त जातं, पाणी जातं, दाब आणखी उतरू शकतो. आम्ही सलाईन, रक्त, रक्तवाहिन्या आवळणारी औषधं देऊन तो सावरतो. तुम्ही झोपलेले असता तेव्हा आमचं हेच काम चाललेलं असतं. लोकांना वाटतं भूल दिली की भूलवाला बाहेर चहा प्यायला जातो!

बरं, ऑपरेशनमध्ये दाब किती उतरला यावरून पुढचं काही कळतं का? २०१३ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या ३३,३३० ऑपरेशनांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाची ऑपरेशनं नव्हती. सरासरी दाब ५५ च्या खाली पाच मिनिटांपेक्षाही कमी वेळ गेलेल्यांमध्येसुद्धा नंतर मूत्रपिंडाला आणि हृदयाला इजा होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. जितका जास्त वेळ खाली, तितका धोका जास्त. त्यानंतरच्या अभ्यासांवरून सरासरी ६५ च्या खाली जाऊ देऊ नये हा दंडक बहुतेक ठिकाणी आला.

त्याआधी, २००७ मध्ये, अतुल गवांदे यांनी सहकाऱ्यांबरोबर एक सोपी गुणपत्रिका मांडली. गवांदे बोस्टनचे शल्यचिकित्सक आणि लेखक. त्यांचे वडील महाराष्ट्रातल्या उटी गावचे, म्हणून आपल्याला थोडा जास्त अभिमान. नवजात बाळाला जन्मल्याबरोबर दहापैकी गुण देण्याची पद्धत व्हर्जिनिया अपगार या बाईंनी १९५३ साली प्रसिद्ध केली होती, आणि त्या भूलतज्ज्ञ होत्या, हेही सांगून टाकते. गवांदे यांनी तेच ऑपरेशनला लावलं. फक्त तीन गोष्टी: रक्त किती गेलं, सरासरी दाब सगळ्यांत खाली किती गेला, आणि नाडीचा सगळ्यांत कमी वेग किती होता. एकूण गुण दहा. २००९ मध्ये ही गुणपत्रिका ४,११९ रुग्णांवर पडताळून पाहिली. नऊ-दहा गुण मिळालेल्यांपैकी शंभरात पाच जणांना महिन्याभरात मोठा त्रास झाला. चार किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांपैकी शंभरात छप्पन्न जणांना. म्हणजे ऑपरेशन संपताच, टाके घालून होताच, पुढच्या महिन्याचा बराचसा अंदाज हातात असतो. कोणाला वॉर्डात पाठवायचं आणि कोणाला आय.सी.यू.त ठेवायचं, हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना परीक्षेत गुण जास्त मिळायचे, हे खरं. पण शेवटच्या बाकावरच्या एखाद्याला उचलून पुढे बसवलं म्हणून त्याचे गुण वाढायचे का? मागच्या रांगेनं उत्तर द्यायची गरज नाही. दाब उतरणं आणि पुढे त्रास होणं यांचा संबंध आहे, पण दाब वर ढकलला की त्रास टळतोच असं नाही. कधी दाब उतरणं हे त्रासाचं कारण असतं, कधी आतल्या अशक्तपणाची ती खूण असते.

म्हणून प्रत्यक्ष प्रयोग झाले. फ्रान्समध्ये, २०१७ साली, मोठी ऑपरेशनं होणाऱ्या सुमारे तीनशे धोक्याच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात नेहमीची पद्धत. दुसऱ्या गटात प्रत्येकाचा वरचा आकडा त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. नेहमीच्या गटात जवळजवळ ५२ टक्के लोकांच्या एखाद्या तरी अवयवाचं काम बिघडलं, दुसऱ्या गटात ३८ टक्के. मोठा फरक. पण २०२३ मध्ये ७,४९० रुग्णांचा एक फार मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, अनेक देशांतला. त्यात ऑपरेशनच्या वेळी सरासरी ८० च्या वर ठेवलेले आणि ६० च्या वर ठेवलेले, असे दोन गट होते. हृदय आणि रक्तवाहिन्यांचा मोठा त्रास दोन्हींत सारखाच, १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सगळ्यांना एकच उंच आकडा लावून भागत नाही. हल्ली तर दाब उतरण्याआधी काही मिनिटं इशारा देणारी संगणकी यंत्रंही आली आहेत. ती कामाची आहेत, पण त्यांचा इशारा सध्याच्या सरासरी दाबाच्या आकड्यापेक्षा किती जास्त सांगतो, यावर जाणकारांत अजून वाद आहे.

मग यातून आपण काय घ्यायचं? माझ्या मते, तुमचा नेहमीचा आकडा कोणता, हे माहीत असणं. हे का, ते आपल्याच वर्गातल्या एका उदाहरणानं सांगते. तो आज इथे बसला आहे. त्याची आणि वहिनींची परवानगी घेतली आहे, नाव घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ठरलं. पोट उघडून करायचं, चार-पाच तासांचं. त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, ऑपरेशनला दहा दिवस आहेत, रोज सकाळ-संध्याकाळ बी.पी. मोजून लिहून ठेवा. वहिनींनी नातवाची शंभरपानी वही घेतली आणि रकाने आखले. दहा दिवसांत आकडा साधारण १५० आणि ९० च्या आसपास. म्हणजे सरासरी ११०. गोळी चालू असूनही. ही वही त्यांनी तिथल्या भूलतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि त्याप्रमाणे दाब राखला. ऑपरेशन चांगलं झालं.

दुसऱ्या रात्री वहिनी वॉर्डात त्याच्याजवळ होत्या. त्यांच्या लक्षात आलं की लघवीच्या पिशवीतली पातळी संध्याकाळपासून हललेलीच नाही. हात गार वाटत होते. तो नेहमीपेक्षा जास्त पेंगत होता आणि काहीतरी असंबद्ध बोलला. त्यांनी सिस्टरना बोलावलं. बी.पी. निघालं ९२ आणि ५०. आता बाईंचं गणित करा: फरक ४२, तिसरा हिस्सा १४, सरासरी ६४. कागदावर पाहिलं तर ६५ च्या दंडकाला जेमतेम एक कमी. एखाद्याला वाटेल, चालेल, सकाळी पाहू. पण वहिनींनी वही पुढे केली. या माणसाचा नेहमीचा ११०. म्हणजे ४६ नं खाली, चाळीस टक्क्यांहून जास्त घट. वर्षानुवर्षं जास्त दाबाची सवय झालेल्या मूत्रपिंडांना ६४ म्हणजे दुष्काळ. सिस्टरनी लगेच डॉक्टरांना उठवलं. पोटात हळूहळू रक्तस्राव चालू होता. रक्त दिलं, तासाभरात पुन्हा ओ.टी.त नेलं, रक्तस्राव थांबवला. मूत्रपिंडांना थोडा मार बसला होता, तो आठ-दहा दिवसांत भरून आला. आज सकाळी त्यानं तीन वाट्या श्रीखंड खाल्लं, तेही मी पाहिलं आहे. त्याबद्दल त्याच्याशी वेगळं बोलेन.

या गोष्टीत कोणी चमत्कार केला नाही. एका बाईनं वही ठेवली, रात्री जागून पाहिलं आणि वेळेवर हाक मारली. पण ही हाक किती महत्त्वाची आहे ते सांगते. चौदा देशांतल्या चाळीस हजार रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. हृदय सोडून इतर ऑपरेशनं झालेले, पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त वयाचे लोक. त्यातले ७१५ जण तीस दिवसांत दगावले. आपल्याला वाटतं मृत्यूची भीती ऑपरेशनच्या टेबलावर. तिथे किती गेले? पाच. फक्त पाच. पाचशे जण नंतर रुग्णालयात असताना गेले, आणि दोनशे दहा जण डिस्चार्ज मिळाल्यावर. ओ.टी.च्या दाराबाहेर आपण सगळे जमतो, देवाला नवस बोलतो, डॉक्टर बाहेर येऊन "सक्सेसफुल" म्हणाले की पेढे वाटून घरी जातो. खरी पहाऱ्याची वेळ तिथून सुरू होते.

शिवाय ऑपरेशननंतर हृदयाला इजा झाली तरी बहुतेकांच्या छातीत दुखत नाही, कारण वेदनाशामक औषधं चालू असतात. आणि ओ.टी.त दर पाच मिनिटांनी मोजलं जाणारं बी.पी. वॉर्डात चार-सहा तासांनी एकदा मोजलं जातं. पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्णांना सतत मोजणारं यंत्र लावून पाहिलं, तेव्हा दाब उतरण्याच्या प्रसंगांपैकी जवळजवळ निम्मे या अधूनमधूनच्या मोजणीत निसटलेले सापडले. सिस्टरची चूक नसते. एकीला वीस-पंचवीस रुग्ण असतात.

आता थोडं कामाचं. लिहून घ्या म्हणत नाही, हे भाषण स्मरणिकेत छापून येणार आहे.

पहिलं, वही. ऑपरेशन ठरलं की निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ बी.पी. मोजा, प्रत्येक वेळी दोनदा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबून. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि मोजताना गप्पा नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वापरा, नाहीतर आकडा खोटा वाढलेला येतो. ऑपरेशनच्या दिवशी भीतीनं वाढलेला आकडा हा तुमचा खरा आकडा नव्हे.

दुसरं, गोळ्या. कोणती घ्यायची, कोणती सकाळी थांबवायची, हे भूलतज्ज्ञांना विचारा. 'प्रिल' किंवा 'सार्टन'नं नाव संपणाऱ्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी बऱ्याचदा थांबवतात, कारण भुलेत दाब जास्त उतरतो. उलट, नाव 'लोल'नं संपणारी गोळी रोज चालू असेल तर ती अचानक बंद करणं धोक्याचं. मनानं काही करू नका, शेजाऱ्याच्या मनानं तर मुळीच नको.

तिसरं, खरं बोला. तंबाखू, मिश्री, दारू, काढे, हे सगळं सांगा. दोन जिने न थांबता चढता येतात का, हेही सांगा. मी विचारते तेव्हा पुरुष बायकोकडे पाहतात आणि म्हणतात, "कधीतरी." त्या 'कधीतरी'चा अर्थ बायकोच्या चेहऱ्यावर वाचावा लागतो.

चौथं, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री. जवळ बसणाऱ्यानं मोबाईल बाजूला ठेवून चार गोष्टी पाहाव्यात: लघवी, शुद्ध, श्वास आणि हातपाय. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण तीस मिलिलिटर तरी लघवी व्हायला हवी. रुग्ण गुंगीत जातोय, असंबद्ध बोलतोय, धापा टाकतोय, हातपाय गार पडलेत, तर सकाळची वाट पाहू नका. "सिस्टर, एकदा बी.पी. बघता का?" एवढं विचारा आणि वही दाखवा.

पाचवं, घरी आल्यावर. महिनाभर वही चालू ठेवा. ऑपरेशननंतर वजन घटतं, जेवण कमी होतं, अशा वेळी जुन्या गोळ्या जुन्याच प्रमाणात सोसतीलच असं नाही. उठून उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर 'अशक्तपणा आहे' म्हणून नुसतं शहाळं पाजत बसू नका. आकडा मोजा आणि डॉक्टरांना फोन करा.

आता शेवटचं, आणि हे डॉक्टर म्हणून नाही, वर्गमैत्रीण म्हणून. आपल्यातल्या कितीजणांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला आहेत. घरात दोघंच. एकाचं ऑपरेशन झालं तर दुसरं साठीतलं माणूस सलग तीन रात्री जागणार कसं? काही जण तर एकटेच आहेत. आपल्या ग्रुपवर कोणाचं ऑपरेशन असलं की शंभर हात जोडलेले दिसतात, फुलं दिसतात. त्यातले दोन हात रात्री वॉर्डात खुर्चीवर बसायला हवेत. माझी सूचना अशी: आजच जेवणाआधी एक यादी करू. ज्यांना जमेल त्यांनी नाव आणि गाव लिहावं, वर्षातून दोन रात्री द्यायच्या. कोणाचं ऑपरेशन ठरलं की त्या गावातल्या माणसानं पाळी घ्यायची. काय पाहायचं, ते मी आत्ता सांगितलं आहे. शंका आली तर मला रात्री तीन वाजताही फोन करा, मला त्या वेळी जागं राहायची चाळीस वर्षांची सवय आहे.

वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पेनही आहे. पहिलं नाव वहिनींनी लिहिलेलं आहे, आणि त्या आपल्या शाळेच्या नाहीतसुद्धा.